वसुधाताईंची पिवळी पट्टी

वसुधाताई कर्णिकांची आणि माझी पहिली भेट कोलकात्याच्या सॉल्ट लेकमधल्या आमच्या कचेरीत झाली. माझ्यासमोर चहा ठेवून त्यांनी विचारलं, "कामात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो तुम्हाला?" नव्या वरिष्ठ बाई पहिल्याच दिवशी असं विचारतात, म्हणजे कुणाची तरी नोकरी जाणार, असं मी ताडलं. स्वभावच माझा संशयी; ताईंच्या साठीच्या या गौरवअंकातही तो लपायचा नाही.

आमचं काम संकेतस्थळांचं. एका दवाखान्याच्या सगळ्या शाखांच्या पानांवर वेळांचा मजकूर सामाईक होता. एकदा लिहिला की सगळीकडे दिसायचा. साहेब या सोयीवर खूश. मला ती पहिल्यापासून खटकत होती. एके सकाळी आमच्या मौमिताने बागबाजार शाखेच्या पानावर 'आज बंद' लिहिलं, आणि डमडमची उघडी शाखाही पडद्यावर बंद झाली. रुग्ण घरीच थांबले. दवाखान्याची तक्रार आली तशी साहेबांनी मौमिताला काढायचं ठरवलं.

"दीदी, मैं तो सिर्फ बागबाजार का पेज खोली थी," ती रडत वसुधाताईंना म्हणाली.

वसुधाताईंनी तिला तेच काम पुन्हा करायला सांगितलं आणि शेजारी गप्प बसून पाहत राहिल्या. मला वाटलं, पुरावा गोळा करताहेत. मग त्या साहेबांना म्हणाल्या, "संशय घ्यायचाच तर या पडद्यावर घ्या. हा मजकूर आणखी कुठे दिसतो, हे तो तिला सांगतच नाही." मौमिता कामावर राहिली.

तेव्हापासून बदल जतन करण्याआधी एक पिवळी पट्टी दिसते: हा मजकूर आणखी कुठल्या पानांवर आहे, बदल सगळीकडे हवा की फक्त इथेच. त्या पट्टीवरचे शब्दही ताईंनी मौमितालाच विचारून ठरवले.

बाई इतक्या चांगल्या कशा, यात काहीतरी गोम असणार, म्हणून मी पाळत ठेवून आहे. माझी आई आजारी होती तेव्हा त्या घरून डबा आणत. मागाहून एखादं काम गळ्यात पडेल म्हणून मी वाट पाहिली. पडलं नाही. त्या डब्यांनी मला फार आधार दिला, हे इथे सांगितलंच पाहिजे.

गौरवसमितीने नमुन्यादाखल मला एक जुना लेख पाठवला. शेवटच्या शुभेच्छा तयारच होत्या, फक्त नाव बदलायचं. त्या किती अंकांत छापून आल्या असतील, कोण जाणे. मी त्या पुसून टाकल्या.

वसुधाताईंना उदंड आयुष्य मिळो, गुडघे साथ देवोत, आणि मला त्यांच्यावर आणखी पुष्कळ वर्षं पाळत ठेवता येवो. ही इच्छा फक्त इथेच लिहिली आहे. दुसऱ्या कुणाच्या पानावर दिसली, तर चोरलेली समजावी.