दूधगाडीचा लांब भोंगा

माझ्या धाकट्या दिरांना सारं गाव भोंगा म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि ते ओ द्यायचे. मी नात्याने बांधलेली, म्हणून भाऊजी म्हणायची. फार राग आला की मीही भोंगाच म्हणायची.

त्यांची दूधगाडी होती. सकाळी डोंगरावरच्या वस्त्यांचं दूध गोळा करायचं आणि घाट उतरून शहरातल्या डेअरीत घालायचं, हे त्यांचं काम. पण आमच्याकडचं आरोग्यकेंद्र म्हणजे नुसती कोरी करकरीत इमारत. डॉक्टर तिथे उंबराच्या फुलासारखा उगवतो. एक नर्सबाई आहेत, त्या एकट्या किती गावांना पुरणार? त्यामुळे बाळंतीण अडली, साप चावला, कुणाचा हात यंत्रात गेला, की कॅनच्या मधल्या जागेत गादी टाकायची आणि दूधगाडीतून निघायचं. गादी माझ्या घरचीच होती.

आत पेशंट असला की भाऊजी वळणावरूनच भोंगा दाबायचे, लांब, न तुटता. एरवी तुटक वाजायचा, तो दुधाचा. लांब वाजला की बघत राहावं असं व्हायचं. मेंढपाळ काठी आडवी धरून सगळी मेंढरं बांधाकडे लोटायचा. मास्तर पोरांना कुंपणाआड घ्यायचे. खाणीतले ट्रकवाले, जे एरवी सख्ख्या बापाला वाट देणार नाहीत, ते चाकं चरात घालून उभे राहायचे. माझ्या गिरणीपुढची रांग रस्त्यावर यायची, म्हणून मी गिरणी बंद करून बायकांना भिंतीकडे सरकवायची. आत कोण आहे, हे कुणी विचारायचं नाही. विचारण्यात वेळ जातो. गाडी अडवायची नाही हे कुणी ठरवलं नव्हतं, पण कुणी कधी मोडलंही नव्हतं. मी भांडखोर बाई आहे, कुणाचं उगाच कौतुक करत नाही, पण या बाबतीत आमच्या लोकांना तोड नव्हती.

त्या हिवाळ्यात भाऊजी कॅन उचलताना मध्येच थांबायला लागले. एकदा गिरणीपाशी उतरले तर चेहरा पांढराफटक.

"भाऊजी, हे काय तोंड झालंय?"

"वहिनी, तुमचंच पीठ उडालंय."

नर्सबाई दळण घेऊन रांगेत होत्या. त्यांनी पुढे होऊन भाऊजींची नाडी धरली आणि बाईंच्या कपाळाला आठी पडली. "दादा, आजच मोठ्या दवाखान्यात छातीची पट्टी, ईसीजी, काढून घ्या. आणि गाडी स्वतः चालवू नका."

"मग कोण चालवणार, बाई? तुम्ही?"

रांग हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. खाणीतले ट्रकवाले आपल्या खेपांना बांधलेले, ते सोडले तर ती गाडी घाटातून उतरवणारं दुसरं माणूस साऱ्या डोंगरावर नव्हतं, आणि याला कारण भाऊजी स्वतः. स्टिअरिंगला कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. माझी धाकटी जाऊ, त्यांची बायको, एकदा म्हणाली मला शिकवा, तर म्हणे, एका घरात दोन भोंगे नकोत.

रोज त्यांची गाडी मोठ्या दवाखान्यावरूनच जायची. पेशंट असला की त्याला उतरवून लगेच निघायचं, कारण दूध नासेल. पेशंट नसला तर थांबायचंच नाही, कारण दूध नासेल. किती लोकांना त्या दारात नेऊन सोडलं, पण स्वतःसाठी म्हणून ते त्या दाराच्या आत कधी गेले नाहीत.

एक दिवस जाऊ आली आणि पिठाच्या पोत्यावर बसून रडायला लागली. "ताई, ते आडवे झोपतच नाहीत. उशीला टेकून बसतात. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं म्हणतात."

"मग ओढत ने त्यांना."

"ओढायला ते काय बैल आहेत? उद्या म्हणतात."

तो 'उद्या' रोज पुढे सरकत राहिला. गिरणीचा पट्टा फिरत असला तरी माझे कान रस्त्याकडे असायचे.

शेवटी कबूल झाले. दूध घालून झालं की छाती दाखवणार. जाऊ म्हणाली, मी बरोबर येते. तर म्हणाले, "शेवटच्या वस्तीवर कुणी आजारी निघालं तर? जागा राहू दे." आणि एकटेच गेले.

त्याच सकाळी, ऊन नुकतं अंगणात आलं होतं. वरच्या वळणावरून भोंगा ऐकू आला. लांब.

मी गिरणी बंद केली, बायकांना भिंतीशी लावलं. मेंढरं बांधाला गेली, पोरं कुंपणाआड गेली, ट्रक चरात उतरला. नर्सबाई समोरच्या केंद्राच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, पिशवी खांद्याला. गाडी कधी नव्हे इतकी सावकाश आली. "बाळंतीण असणार, जपून नेतोय," रांगेतली एक म्हणाली.

गाडी अगदी समोरून गेली. भाऊजी स्टिअरिंगवर वाकले होते, कोपर भोंग्यावर. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि हात थोडासा वर केला. आम्ही सगळ्यांनी हात केले. जा, जा, रस्ता मोकळा आहे.

भोंगा घाटात उतरत गेला, बारीक होत गेला. मी गिरणी पुन्हा चालू केली. पहिलं दळण पडायच्या आतच जाऊ धापा टाकत आली.

"ताई, गाडीत कोण होतं?"

"वरच्या वस्तीवरची कुणी असेल."

"राहवेना म्हणून मी त्यांच्या मागोमाग वस्तीवरच गेले होते, तिथूनच येतेय. कुणीच चढलं नाही."

मी नर्सबाईंकडे बघितलं. त्यांनी पिशवीवरचा हात काढलाच नाही. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी त्याच पिशवीत होती.

पुढचं दवाखान्यातल्या लोकांनी सांगितलं. गाडी रोजच्या जागी नीट उभी राहिली. ब्रेक ओढलेला, इंजिन बंद. भोंगा ऐकून वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावले आणि त्यांनी मागचं दार उघडलं, कारण पेशंट कायम मागे असायचा. आत कॅन होते आणि रिकामी गादी. "भोंगा, पेशंट कुठाय रे?" म्हणून मागूनच हाका मारल्या. पुढे डोकं टेकून बसलेला माणूस त्यांना दमलेला वाटला. पुढचं दार उघडलं तेव्हा फार उशीर झाला होता.

भाऊजींनी भोंगा वाट द्या म्हणून वाजवला की थांबवा मला म्हणून, हे आता कळायचं नाही. आम्ही वाट दिली. साऱ्या रस्त्यात एकाही माणसाची चूक झाली नाही, याचाच मला संताप येतो.

आरोग्यकेंद्राची इमारत अजून कोरीच आहे. मोठे लोक येतात, तिच्यापुढे फोटो काढतात, जातात. गाडी आता माझी जाऊ चालवते. खाणीतल्या ट्रकवाल्याने तिला शिकवलं, आणि ती आणखी दोघींना शिकवतेय. लांब भोंगा वाजला की मेंढरं, पोरं, ट्रक सगळे पूर्वीसारखेच बाजूला होतात. मी मात्र रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहते.

"ताई, सरका की! आत बाळंतीण आहे!" ती काचेतून ओरडते.

"आधी तुझं तोंड बघू दे," मी म्हणते. जवळ जाऊन नीट बघते, आणि मग सरकते.