दोन रेकॉर्डींपुरते कान

दादाच्या आजारपणात सुमतीवहिनींचा फोन यायचा तो ‘वसू, लवकर ये’ एवढंच सांगायला. त्या दिवशी सकाळी मात्र त्या म्हणाल्या, ‘ये तू. घाई करू नकोस.’ मी कुकटपल्लीच्या आमच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून तशीच उभी राहिले. दादा गेला, हे आणखी वेगळं सांगायची गरज नव्हती... चिक्कडपल्लीला दादाच्या घरी पोचेपर्यंत त्याला अंघोळ घालून झाली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती बाजूला जागा करून दिली.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ श्रीनिवास, ट्रम्पेट वाजवायचा आणि संगीत रचायचा. आमचे वडील कंधारकडचे. निजामाच्या राज्यातली शेती भावकीवर सोडून ते पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून हैदराबादला आले. घरात वाद्य म्हणून आरतीचे टाळ, बस्स. पण शाळेत असताना दादा एका वरातीच्या मागे चालत निघाला तो संध्याकाळी घरी आला, आणि आल्या आल्या ‘मला तो पितळी बाजा पाहिजे’ म्हणाला. कोठीच्या बाजारातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून, चेपलेला का होईना, तो त्याने मिळवला. शेजारच्यांनी बोंब मारू नये म्हणून गच्चीवर वाळत घातलेल्या रजईत बाज्याचं तोंड खुपसून तो सराव करायचा. जाझ त्याला रेडिओच्या खरखरीतून मिळालं, आणि फंक, ते अमेरिकेतलं ठेक्याचं नाचरं संगीत, आखातातून आलेल्या कोणाच्या तरी कॅसेटीतून. त्या दोन्हींच्या खाली त्याने मरफा घातला, जुन्या शहरातल्या वरातींत ढोलांवर वाजतो तो, चालणाऱ्याला नाचायला लावणारा ठेका. कधी त्यात आमचे आरतीचे टाळही यायचे. वडिलांनी एकदा ते ऐकलं आणि देवघराकडे बघून नुसती मान हलवली.

पोटासाठी त्याने तेलुगू सिनेमांच्या वाद्यवृंदांत वाजवलं, मालिकांची शीर्षकगीतं केली, साबणाच्या जाहिरातींना चाली दिल्या. स्वतःचं संगीत उरलेल्या वेळात. त्याच्या कॅसेटी निघाल्या आणि पडून राहिल्या. जाझवाले म्हणायचे, हे जाझ नव्हे. शास्त्रीयवाल्यांनी तर विचारही केला नाही. दादाला त्याचं वाईट वाटायचं. वाटत नाही असं तो सगळ्यांना सांगायचा, पण घरी कोणी कौतुक केलं की तो विषय बदलायचा नाही, चहा गार होईपर्यंत ऐकत बसायचा.

आणि मग, चाळीसेक वर्षांनी, परदेशातल्या एका लहानशा रेकॉर्ड कंपनीचा फोन आला. कोणाच्या तरी हाती त्याची एक जुनी कॅसेट लागली होती. त्यांना सुरुवातीपासून आजवरच्या रचनांमधून निवडक घेऊन दोन मोठ्या रेकॉर्डींचा संच काढायचा होता. निवड दादाने करायची, जुन्या टेपांवरचा आवाज स्वच्छ करून घेण्याचं कामही त्याच्या देखरेखीखाली इथेच व्हायचं. त्या आठवड्यात तो रस्त्याने चालताना गुणगुणायचा, असं वहिनी सांगायच्या.

त्याच उन्हाळ्यात त्याचा घास अडकायला लागला. अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. औषधं सुरू झाली आणि लागूही पडली. गाठ लहान होत होती, भाताची पेज खाली उतरत होती. पण वहिनींच्या कुकरच्या शिट्ट्या त्याला ऐकू येईनाशा झाल्या. कुकटपल्लीतल्या स्टुडिओत किरण नावाचा तंत्रज्ञ त्याच्याबरोबर टेपा दुरुस्त करायचा. एक दिवस झांजांचा आवाज वाढव, अजून वाढव, असं दादा सांगत राहिला, आणि किरणने शेवटी स्वतःचे कान झाकून घेतले. मी तिथेच होते. दादाने किरणच्या हातांकडे पाहिलं. मग त्याने स्वतःच्याच तरुणपणातला एक ट्रम्पेटचा तुकडा लावायला सांगितला. सूर वर चढत गेला आणि ‘इथून पुढे काहीच नाही,’ असं म्हणून तो खुर्चीत मागे टेकला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हे त्या औषधामुळेच होतं, गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, आणि प्रत्येक खेपेला आणखी जाईल. दुसरं औषध आहे, पण या गाठीवर त्याचा तितका भरवसा देता येणार नाही. औषध लागू पडलेलं असताना थांबू नका, असं त्यांनी वहिनींकडे बघून सांगितलं.

दादाने थांबायचं ठरवलं. रेकॉर्डीचं काम उरकतो आणि मग पुन्हा सुरू करतो, म्हणाला. त्या दुपारी चिक्कडपल्लीच्या घरात जे बोलणं झालं ते मला शब्दन् शब्द आठवतं.

‘गाणी वाजवून झालेली आहेत ना?’ वहिनी म्हणाल्या. ‘ती कुठं पळून चाललीत?’

‘ती नीट करायला कान लागतात, सुमे.’

‘आणि मला तुम्ही लागता.’

दादा म्हणाला, ‘लोक मला याच्यावरूनच ओळखणार आहेत. ते वाईट ऐकू आलं, तर मी नव्हतोच असं होईल.’

वहिनी उठून आत गेल्या. आजही मला विचारलं तर कोणाच्या बाजूने बोलावं ते मला सांगता येणार नाही.

उरलेल्या कानांनी त्याने पावसाळाभर काम केलं. वरचे सूर ऐकायला त्याने जुन्या शहरातून अन्वरभाईंना बोलावून घेतलं. हे त्याच्या तरुणपणापासूनचे मरफा वाजवणारे सोबती. टेप लागली की ते डोळे मिटून ऐकायचे आणि बोट वर-खाली करून दादाला सांगायचे. एका रचनेत अन्वरभाई चुकून आधीच घुसले होते. ती काढून टाक म्हणून त्यांनी फार विनवलं. ‘नक्को मियाँ,’ दादा म्हणाला, ‘उसीच में जान है.’ आणि ती त्याने पहिली ठेवली.

काम संपलं तेव्हा तो खरंच डॉक्टरांकडे गेला. तपासण्या झाल्या. गाठ यकृतापर्यंत पसरली होती. आता त्रास कमी करण्यापलीकडे हातात काही नाही, असं त्यांनी सांगितलं. परतताना रिक्षात वहिनी मधे बसल्या होत्या. ‘मी सांगत होते’ हे वाक्य त्यांनी त्या दिवशी काढलं नाही, पुढेही कधी काढलं नाही. दादाला ते न बोलणं बोलण्यापेक्षा जड गेलं असावं. त्या दिवसापासून तो घरी खिडकीतून बाहेर बघत बसायला लागला.

आमची शेवटची भेट त्याच्या बाहेरच्या खोलीत झाली. किरणने पाठवलेलं तयार काम मी घरी ऐकून आले होते. कसं झालंय, त्याने विचारलं. छान झालंय, मी त्याच्या कानाशी जाऊन सांगितलं.

‘छान म्हणू नकोस. कुठं कंटाळलीस ते सांग.’

मी खरं ते सांगितलं. दुसऱ्या रेकॉर्डीवरची एक रचना लांबली होती. तो हसला. हसताना त्याला कळ आली. ‘हो, लांबलीच आहे,’ म्हणाला. ‘पण आता राहू दे.’

संच आला तो दादा गेल्यावर काही आठवड्यांनी. वेष्टनावर त्याचा जुना फोटो, दाट केसांचा. घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नव्हतं, म्हणून मी ओळखीच्यांकडून मागून नेलं. पहिली बाजू लागली तेव्हा वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्या निवडत राहिल्या. अन्वरभाई आधीच घुसले, मग ट्रम्पेट वर चढला, अगदी स्वच्छ, काचेसारखा. बाजू संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘चांगलं आहे गं. फार चांगलं आहे. पण मी याच्यावर राजी नव्हते.’ आणि ताट उचलून आत गेल्या.

मी रेकॉर्ड पलटायला हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. ते घर अगदी लहान आहे. स्वयंपाकघरातला श्वाससुद्धा बाहेरच्या खोलीत ऐकू येतो. तरी वहिनींनी आतून विचारलं ते घसा ताणून, एकेक अक्षर सुटं करत, समोरच्या बिल्डिंगीतही ऐकू जाईल असं:

‘च-हा टा-कू का?’

गेलं वर्षभर त्या घरात असंच बोलणं होत होतं. क्षणभर भांड्यांचा आवाजही थांबला. आपण कोणाला विचारलं, ते त्यांच्या लक्षात आलं असावं...

‘टाका,’ मी म्हणाले, तितक्याच मोठ्याने.