दिगूनं न सोडलेलं दावं

दिगूच्या बायकोचा, वहिनींचा फोन आला तेव्हा मी टोकावड्याला रस्त्याकडेच्या धाब्यावर मुरबाडच्या एस.टी.ची वाट बघत होतो. "भाऊजी, हे उठत नायत... हलवलं तरी उठत नायत. तुमी या," एवढंच बोलल्या आणि फोन तसाच चालू राहिला. मागून कोणाची तरी रडारड ऐकू येत होती. मुरबाडला गाडी बदलून शहापूरला पोचेपर्यंत दारात माणसं जमली होती. दिगू त्याच्या मुलीच्या, मनूच्या खोलीत, तिच्या कॉटच्या कडेला बसल्या जागीच गेला होता. आडवं व्हायला त्या कॉटवर जागाच नव्हती. लोक म्हणाले, हार्टनं गेला. त्याला आता महिना होऊन गेला, आणि मी मात्र ज्याला त्याला सांगत सुटलोय की दिगू हार्टनं गेला नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मित्र गेल्यामुळे याचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही.

दिगंबर आणि मी कॉलेजपासूनचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्यानं शहापुरात खताच्या दुकानावरच्या माळ्यावर कॉम्प्युटरचा क्लास काढला आणि भात झोडून झालं की मलाही शिकवायला ओढून नेऊ लागला. खालून युरियाचा वास, वर तीन कॉम्प्युटर, आणि वीज तिच्या मर्जीनं. तेव्हा आम्ही जुनी भाषा शिकवायचो. तिच्यात प्रोग्रामला मेमरीत जागा लागली की मागून घ्यायची आणि काम झालं की आपल्या हातानं परत करायची. परत करायला विसरलात तर जागा भरत जाते, घाईनं परत केलीत तर दुसरं कोणीतरी ती अजून वापरत असतं आणि सगळा प्रोग्राम कोसळतो. पुढे नवी भाषा आली. तिच्यात हे काम करणारा आतच बसवलेला होता, गार्बेज कलेक्टर. नाव ऐकून मुलं हसली, म्हणाली सर, झाडूवाला आला. दिगूला अशा वेळी फार राग यायचा. "झाडूवाला नाय रे," तो म्हणाला, "चला, म्हशाला जाऊ."

आणि खरंच आख्खी बॅच घेऊन तो म्हसा गावच्या जत्रेला गेला. जत्रा उठायची वेळ होती. बैलबाजारात धूळ, शेण, मोडलेली पालं. मागे राहिलेल्या जनावरांत मोकाट कोणती ते बघायचं काम काही गावकरी करत होते. दिगूनं मुलांना त्यांच्या मागे चालायला लावलं. ते लोक बैलाजवळ जाऊन हा कोणाचा म्हणून विचारत नव्हते. ज्या खुंट्याशी धनी उभा आहे तिथून सुरुवात करायचे, खुंट्याचं दावं धरून पुढे जायचे, ज्या जनावरापर्यंत दावं पोचेल त्याच्या पाठीवर गुलाल टाकायचे. सगळे खुंटे फिरून झाल्यावर ज्याच्यावर गुलाल नाही ते मोकाट, त्याची रवानगी कोंडवाड्यात. "बघितलंत?" दिगू म्हणाला. "कचरा कोन शोधतच नाय. जिवंत काय ते शोधतात. उरलं ते गेलं." कडेला दोन खोंड एकाच दाव्यानं एकमेकांना बांधलेले उभे होते. एक मुलगी म्हणाली, "सर, यांना तर दावं हाय." दिगू खूश झाला. "दावं हाय, पन खुंटा कुठंय? दोघांनी एकमेकाला धरलंय नुसतं. नुसती दावी मोजनारा फसल. खुंट्यापासून चालत येनाऱ्याला ते दिसनारच नाय." त्या खोंडांना हाकत नेलं तेव्हा छोटी मनूही आमच्याबरोबर होती. बापाच्या खांद्यावर बसून तिनं रडून गोंधळ घातला आणि दिगूला आपलं लेक्चर अर्धं टाकून तिला भेंड-बत्तासे घेऊन द्यावे लागले.

एवढं शिकवणाऱ्या माणसानं स्वतः मात्र शेण खाल्लं. जवळच्या एका दूध डेअरीला त्यानं प्रोग्राम लिहून दिला. सकाळी पळायचा, दुपारपर्यंत रांगायला लागायचा, संध्याकाळी बसायचा. डेअरीवाले बोंब मारत यायचे. नव्या भाषेत आपोआप साफसफाई होते ना, मग अडतंय कुठे? शोध शोध शोधल्यावर कळलं, दिवसभरातली प्रत्येक नोंद दिगूनं एका ठिकाणी धरून ठेवली होती, लागली कधी तर असावी म्हणून. काम संपलेली, पण धरलेली. आणि खुंट्यापासून दावं पोचलेलं जनावर कलेक्टर नेत नाही, मग त्याचा उपयोग असो वा नसो. जागा संपत आली की बिचारा पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतो, तो फिरत असताना बाकीचं काम थांबतं, हाती काही लागत नाही, पुन्हा फेरी... शेवटी नुसत्या फेऱ्याच उरतात. "कलेक्टरची चूक नाय," दिगू कपाळावर हात मारून म्हणाला, "मीच धरून बसलो व्हतो." आम्ही पोट धरून हसलो होतो. ते हसणं आठवलं की आता जीव नकोसा होतो.

आठवीत असताना मनू तापानं गेली. त्यानंतर दिगूनं तिची एकही वस्तू हलू दिली नाही. दप्तर, रिबिनी, दात घासायचा ब्रश, वाळून काळं पडलेलं अर्धं लिंबू जे तिनं शेवटी सरबताला कापलं होतं... पुढे तर तिच्या वर्गातल्या मुली जी पुस्तकं वापरायच्या तीही तो दर वर्षी आणायला लागला. नववीची, दहावीची, पुढची. खोली भरली, कॉट भरली, सामान ओटीवर आलं. क्लास बंद पडला. वहिनी हात जोडायच्या, "थोडं तरी काढा ओ, मला श्वास घेता येत नाय या घरात. ती माजी पन व्हती." तो ऐकून घ्यायचा आणि खोलीत जाऊन एकेक वस्तू हातात घेऊन परत ठेवायचा. सकाळी सुरू केलं की दुपार व्हायची. मी भांडलो, शिव्या दिल्या. एकदा तर म्हटलं, "दिग्या, डेअरी आठव." तो शांतपणे म्हणाला, "आठवते ना. मला कळतं रे सगळं. पन मी सोडलं तर तिला धरनारा खुंटा कुठला ऱ्हायला सांग..." माझ्या डोळ्यांदेखत तो मंद होत गेला, आधी बोलणं, मग जेवण, मग चालणं. सगळं ज्ञान डोक्यात असून माणूस असा जावा याचा मला संताप येतो, त्याचा येतो आणि देवाचाही येतो.

गेल्या रविवारी वहिनींनी बोलावलं. खोली रिकामी करायची होती. त्या रडल्या नाहीत. पुस्तकं शाळेला, कपडे कातकरवाडीत, बाकीचं पोत्यात, अशी भराभर वाटणी करत गेल्या. वर्षानुवर्षं मागितलेली गोष्ट दुपारच्या आत झाली. कॉट मोकळी झाली, खिडकी उघडली. मग मी ओटी झाडायला घेतली. उंबऱ्यापाशी दिगूच्या चपला होत्या, उजव्या टाचेला झिजलेल्या. पोत्याचं तोंड अजून उघडंच होतं, मी त्या उचलल्या.

"त्या ऱ्हाऊ द्या, भाऊजी."

वहिनी माझ्या हाताकडे बघत होत्या, चेहऱ्याकडे नाही. "काय उपेग नाय त्यांचा, मला म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. मग अगदी हळू, "आता माजं पन तसंच व्हनार का ओ?"

मी चपला होत्या तशा ठेवल्या. निघताना माझ्या चपला त्यांच्या शेजारून काढून घेतल्या, दिगूच्या चपलांना धक्का लागणार नाही अशा बेतानं.