दादाचा तुफान

शरददादा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की या वेळी तरी खरं असेल ना? तसं वाटणं बरं नव्हे. पण उन्हाळ्यापासून दादाच्या कुठल्याही गोष्टीवर माझा चटकन विश्वास बसत नसे…

दादा माझा मावसभाऊ. मूळचा सटाण्याचा, नोकरीमुळे नाशिककर झालेला. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर आमच्या घराजवळच, गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तो आणि त्याचा कुत्रा तुफान, असे दोघेच. एके सकाळी तुफानला घेऊन तो आमच्या दारात उभा राहिला. "ताईकडे सटाण्याला जातोय. थोडे दिवस सांभाळा याला." सोबत तुफानची गादी, ताटली, चेंडू आणि स्वेटर! बाहेर रणरणतं ऊन आणि कुत्र्याचा स्वेटर कशाला? विचारलं, तर म्हणाला, "असू दे रे."

तुफाननं पहिल्याच दिवशी सोफ्याची उशी फाडली. मग दोरीवरची साडी ओढून गच्चीभर पळवली. माझी बायको मंजिरी फोनवर दादाकडे गाऱ्हाणं करायची. तो मात्र एवढंच विचारायचा, "जेवला का? झोपतो कुठे? तुझ्या मागे मागे करतो का?" कधी येणार, हे विचारलं की फोन ठेवायची घाई. शेवटी मी त्याच्या बहिणीला, ताईलाच फोन लावला. ती म्हणाली, "शरद? तो दिवाळीनंतर इकडे फिरकलाच नाही!"

"लग्नबिग्न तर करत नाहीयेत ना दादा?" मंजिरीचा तर्क. मला वाटलं, फ्लॅट विकून कुत्रा आपल्या गळ्यात बांधून हा कुठेतरी निघाला.

एका संध्याकाळी फिरायला नेलं असता तुफाननं असा हिसडा दिला, की पट्ट्यासकट मी त्याच्यामागे फरफटत दादाच्या दारापर्यंत पोचलो. दाराला कुलूप नव्हतं. बेल वाजवली. दार उघडलं ते दादानंच… गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. तुफान अंगावर झेपावला तसा तो भिंतीला टेकत खालीच बसला.

"सटाणा जवळ आलेला दिसतोय," मी रागानंच म्हणालो.

तुफानच्या मानेत तोंड खुपसून तो हसला. मग सांगितलं. पोटातला कॅन्सर, उशिरा कळलेला. डॉक्टरांनी आशा सोडलेली.

"आम्हाला सांगायचं नाही होय रे?"

"सांगितलं असतं तर याला दयेपोटी ठेवून घेतलं असतंत. मरणाऱ्याला नाही कोण म्हणतं? मला बघायचं होतं, तुम्ही याला सोसता का."

"मग? काय दिसलं?"

"मंजिरीनं रोज तक्रार केली," दादा म्हणाला, "पण 'घेऊन जा' असं एकदाही म्हणाली नाही."

त्यानंतर शेवटपर्यंत तुफानला घेऊन रोज संध्याकाळी आम्ही दोघं त्याच्याकडे जात राहिलो. जमेल तसा तो चेंडू फेकायचा. हात चालेना तेव्हा नुसता उशाशी धरून ठेवायचा.

आता तुफान आमचाच. पण आमचं ऐकेल तर शपथ! दादा त्याच्याशी गावाकडच्या अहिराणीत बोलायचा, हे आठवून परवा मंजिरीनं, जन्मभर शहरात वाढलेल्या बाईनं, त्याला अडखळत दटावलं, "आठे बठ, भो!" तो धावता धावता थांबला. बसला. आणि कान टवकारून कितीतरी वेळ तिच्याकडे संशयानं बघत राहिला…