पुडीतली अळंबी आणि आप्पांची हाळी

थंडी पडली की आमच्या घराला कुलूप लागायचं. आई, आप्पा, दादा आणि मी मढच्या वरच्या वाडीतून उतरून पारगावकडे ऊसतोडीला जायचो. राहायला उसाच्या पाचटाची कोपी, तीन दगडांची चूल. उसाच्या मोळीवर वही ठेवून मी अभ्यास करायचे. दादा आठवीत होता तेव्हा त्याने आप्पांना सांगितलं, "मीबी कोयता धरला तर सुमीला गावात मामीकडं ठिवता येईल. तिची शाळा बुडत्ये." त्याने शाळा सोडली, कोयता धरला आणि मी शिकले. मायक्रोबायोलॉजीत बी.एस्सी. केली. आमच्या वाडीतली मी पहिली पदवीधर, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. आज मंचरला एका लॅबमध्ये नोकरी करते.

इथले गूढ अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे. खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसते. बुरशी, जिवाणू, जे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं तेवढंच माझं. तरी हे लिहिते आहे, कारण दोन वर्षं झाली आणि माझ्याकडे अजून उत्तर नाही.

आधी हाळी म्हणजे काय ते सांगते. आमच्याकडे पावसाळ्यात डोंगरावर अळंबी काढायला जातात. वारुळाजवळ उगवते ती, खायची. श्रावणात वर असं धुकं असतं की आपलाच हात दिसत नाही. अशा वेळी माणसं एकमेकांना हाका मारतात, पण नावाने नाही. धुक्यात नाव घ्यायचं नसतं म्हणतात. म्हणून प्रत्येक घराची स्वतःची हाळी असते. आमची म्हणजे एक लांब "ऊऽऽ", मध्ये तुटक "हो", आणि पुन्हा "ऊऽऽ". आप्पांचा पुढचा दात पडलेला होता, त्यामुळे त्यांच्या हाळीला शेवटी बारीक शीळ लागायची. हाळी आली की घरातल्या माणसाने उत्तर द्यायचंच. हातातलं काम टाकून. तीनदा हाळी येऊन उत्तर गेलं नाही, तर समोरचा समजतो की घरी कुणी नाही.

पाच वर्षांपूर्वी श्रावणातच आप्पा एकटे वर गेले होते. सकाळी त्यांचं आणि दादाचं वाजलं होतं, दादाने चाकणला कंपनीत जायचं की नाही यावरून. दुपारी वरून हाळी आली. दादा ओट्यावर बसला होता. रागात होता. त्याने उत्तर दिलं नाही. दुसरी आली, तिसरी आली. मग आलीच नाही.

संध्याकाळी आप्पा उतारावर सापडले. हृदयविकाराचा झटका. डॉक्टर म्हणाले, कुणी असतं तरी फार काही करता आलं नसतं. पण हे दादाला कोण सांगणार?

हाळीचं त्याने फक्त मला सांगितलं, एकदाच. त्यानंतर माझा दादा, लग्नात सगळ्या वरातीला नाचवणारा माणूस, हळूहळू बंद पडत गेला. बाप गेल्यावर घराची हाळी मुलाने उचलायची असते. वर्षश्राद्धाला सगळे डोंगरावर गेले, दादा तोंड मिटून उभा राहिला. पुढे जेवण कमी, बोलणं त्याहून कमी. ओतूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, त्यानं झोप लागायची एवढंच. कड्याच्या बाजूला एकटा जाऊन बसायचा. आई लांबून नजर ठेवायची. मी मंचरहून दिवसातून दोनदा फोन करायचे आणि पलीकडून येणारा "हं" मोजायचे.

अशात पुण्याला कॉलेजची मैत्रीण भेटली. तिने मायक्रोडोसिंगचं सांगितलं. एका प्रकारच्या अळंबीत मनावर परिणाम करणारं द्रव्य असतं, ती अगदी थोडी थोडी घ्यायची. तिला म्हणे फरक पडला होता. मन हलकं झालं, सकाळी उठावंसं वाटायला लागलं. त्यांच्याच ग्रुपमधल्या एका मुलाला मात्र अशी भीती बसली की दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले, हेही तिने सांगितलं. मी घरी येऊन रात्रंदिवस वाचत बसले. परदेशात डॉक्टर शेजारी बसवून, माणूस तपासून प्रयोग चालू आहेत, काहींना गुण येतो, काहींचं बिघडतं. आपल्याकडे तर नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. सगळं कळत होतं. तरी मी तिच्याकडून एक पुडी घेतली. ज्याने माझ्यासाठी आठवीत कोयता धरला, तो डोळ्यांदेखत विझत होता... शिकलेलं माणूससुद्धा अशा वेळी शहाणं राहत नाही.

शनिवारी घरी आले. रविवारी दिवसभर दादाकडे बघत राहिले. त्याच्या गोळ्या चालू, त्यावर हे दिलं तर काय होईल? मला माहीत नव्हतं. माहीत नाही ते भावाला द्यायचं नाही, असं शेवटी ठरवलं. पुडी तांदळामागच्या बिस्किटाच्या डब्यात होती. सोमवारी दुपारच्या एसटीने परत न्यायची आणि टाकून द्यायची.

सोमवार श्रावणातला. आईचा उपास आणि तिला बरं वाटावं म्हणून माझाही. भगर खाऊन मी बॅग भरायला घेतली. डबा उघडला तर रिकामा.

"आई, यातली पुडी कुठंय?"

"कंची?"

"कागदाची. सुकी अळंबी होती."

"ती व्हय? घातली की कालवणात." आई भांडी घासत होती, तिने वरही बघितलं नाही. "भावासाठी आणायची न् लपवून ठिवायची. मला काय कळत न्हाई व्हय? एवढुशी तर व्हती. पुण्यात अळंबीबी चिमटीनं देत्यात वाटतं."

यात तिचं काही चुकलं नाही. आमच्या घरात सुकवलेली अळंबी असतेच, मागल्या वर्षीची, दोऱ्यात ओवून चुलीवर टांगलेली. दादाला आवडते म्हणून आई पाहुण्यांनाही वाढत नाही. दुसऱ्या कुठल्या घरात ती पुडी उकिरड्यावर गेली असती. आमच्याकडे ती कौतुकाने फोडणीत गेली.

"दादाने खाल्लं?"

"ताट पुसून खाल्लं. कवाधरनं असं जेवला नव्हता. झाला दीड तास. वर गेला आसंल."

मी सांगितलं, "आई, ती साधी नव्हती. नशेची होती."

आईच्या हातातली राख तशीच राहिली. म्हणाली, "मग तू आणलीस कशाला, सुमे?"



आईला शेजारच्यांकडे जीप सांगायला पाठवलं आणि मी वर पळाले. दुपारचे अडीच-तीन वाजले असतील. धुकं इतकं की पायाखालची वाट चार पावलांवर संपत होती. वर पठार आहे आणि पठाराला सरळ तुटलेला कडा. त्याच्याच काठावर दादा बसायचा. मी "दादा, दादा" ओरडत होते, नाव घ्यायचं नाही वगैरे गेलं खड्ड्यात. "मारुतीदादा" म्हणूनही ओरडले. आवाज कापसात पडावा तसा पडत होता. मला घरची हाळी देता येत नाही. मुली सासरी जाणार, म्हणून त्यांना कुणी शिकवलीच नव्हती.

आणि मग हाळी आली.

डावीकडून, वरून, आप्पा सापडले त्या उताराच्या बाजूने. "ऊऽऽ-हो-ऊऽऽ". शेवटी बारीक शीळ.

मी उभी राहिले. मला भीती वाटली नाही, हे विचित्र आहे. लहानपणी अळंबीची पाटी भरल्यावर आप्पा द्यायचे तशीच होती... चला, घरी चला, अशी. थोडी शांतता गेली, उत्तराला जागा सोडावी तेवढी. मग दुसरी. पुन्हा तेवढीच जागा. मग तिसरी.

तिसरीनंतर कड्याच्या बाजूने उत्तर आलं. फाटलेला, भसाडा आवाज. तीन वर्षांत मी दादाचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता. तो देत राहिला, पुन्हा पुन्हा, आणि मी त्या आवाजाचा माग काढत गेले.

कड्यापासून दोन हातांवर तो एका दगडाला मिठी मारून बसला होता. थरथरत होता, डोळे मोठे, तोंड ओलं. तोंड कड्याकडे नव्हतं, डोंगराकडे होतं. ओल्या गवतात पावलं उमटली होती, ती काठापर्यंत गेलेली आणि तिथून वळलेली.

"सुमे, सगळं हालतंय. दगड श्वास घ्येतोय."

"ते औषध आहे. उतरेल. मी धरलंय तुला."

"आप्पांनी हाळी दिली. म्या या बारीला उत्तर दिलं."

"मी ऐकली, दादा."

त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. "तूबी खाल्लंस का कालवण?"

"नाही रे. माझा उपास आहे."

तेवढ्यात धुक्यातून धोंडूबाबा आले. वाडीतलेच, सत्तरीचे, शेळ्या घेऊन वर असतात. त्यांना पुडीतलं काही माहीत नव्हतं, आमच्या घरचं त्यांनी त्या दिवशी पाणीही घेतलं नव्हतं. आल्या आल्या म्हणाले, "कुणी दिली रं ती हाळी? नामाची व्हती. त्याच्या दातातली शीळसुदिक." नामा म्हणजे आमचे आप्पा. बाबांनी घोंगडी दादाच्या अंगावर टाकली आणि त्याला उठवलं. "चल पोरा. तुझी आय खाली वाट बघत्ये."

ओतूरला डॉक्टरांना मी सगळं खरं सांगितलं. खोटं बोलले असते तर उपचार चुकले असते. त्यांनी दादाला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं आणि मला बाहेर बोलावून झाडलं. "तुम्ही शिकलेल्या ना? मात्रा माहीत नाही, जिन्नस नक्की काय ते माहीत नाही, गोळ्या चालू, शेजारी कुणी नाही. पोरगा कड्यावरून गेला असता." पुढे आवाज खाली आणून म्हणाले, "उद्या हे औषध म्हणून येईलही. आज ते तुमच्या डब्यात असायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीजवळ दादाने आईला सगळं सांगितलं. तीन हाळ्या, ओट्यावर बसून राहणं, राग. मी आईच्या तोंडाकडे बघत होते. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "म्याबी ऐकल्या व्हत्या. हात पिठात व्हते. म्हटलं, पोरगं दील उत्तर." भाकरी तव्यावर टाकली. "तीन वर्सं झाली, रोज वाटतंय, हात धुतले असते तर. तू एकट्यानं कशाला घ्येतो रं समदं?"

दादा तेव्हा रडला. आप्पा गेल्यानंतर पहिल्यांदाच, लहान मुलासारखा, आईच्या पीठभरल्या हातांत तोंड घालून. ती त्याला म्हणत होती, "रड, पर भाकर करपायची हाय माजी."

तेव्हापासून मी कारणं शोधते आहे. आमच्याकडे शीळ घालणारा कस्तूर पक्षी आहे, अगदी माणसासारखी शीळ घालतो. पण कस्तूर "हो" म्हणत नाही, आणि उत्तराला जागा सोडत नाही. दादाच्या आवाजाचा प्रतिध्वनी म्हणावा, तर दादा नंतर बोलला. माझं मन म्हणावं, तर धोंडूबाबांचं काय? ज्याने अळंबी खाल्ली त्याचं ऐकणं मी पहिल्यांदा खोडून टाकलं. उरलो आम्ही दोघं, एक उपासाची आणि एक शेळ्यांमागचा. आमचं ऐकणं मला खोडता येत नाही.

दादा बरा झाला तो त्या पुडीने, असं कुणी समजू नये. गोळ्या पुढे वर्षभर चालू होत्या, दर पंधरा दिवसांनी समुपदेशनाला मी त्याला घेऊन जायचे. तो स्वतः म्हणतो, "त्या दुपारसारखी भीती वैऱ्यालाबी नको." पण एवढंही म्हणतो की त्या दिवशी आत काहीतरी सैल झालं. दोन्ही खरं असेल. माझ्या हातून त्याचा जीव गेला असता, हेही खरं आहे.

यंदाच्या श्रावणात आम्ही तिघं अळंबीला गेलो. धुकं दाटल्यावर दादाने पाटी खाली ठेवली आणि आमच्या घराची हाळी दिली. शीळ नाही लागली, त्याचे दात शाबूत आहेत. मला त्याने ती शिकवली आहे. मी उत्तर दिलं.