स्केटबोर्डवरचा मुलगा
डबा उघडल्यावर येणाऱ्या गार चपातीच्या वासाने मला आमचा व्हिडिओ गेम आठवतो. नागापूरच्या कारखान्याला टाळं लागलं, तरी पप्पा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे आणि दुपारी परत येऊन तोच डबा टीव्हीसमोर बसून खायचे. व्हिडिओ गेम पार्लरमधल्या मोठ्या मशीनवरचा स्केटबोर्डचा गेम मामाने कॅसेटमध्ये घरी आणून दिला होता. एकदा मी खेळत असताना पप्पांनी गेमचा रिमोट मागितला. "उड्या मारल्या की तिकीट मिळतं. तिकिटाशिवाय मैदानात घेत नाहीत, आणि वेळ संपला की मधमाश्या येऊन मारतात," मी सांगितलं. "म्हंजी आमच्या गेटवानीच हाय की," ते हसले. त्यांच्या जाड अंगठ्याखाली पडद्यावरचा मुलगा सारखा पडत होता. शेवटी त्यांनी त्याला मैदानाच्या दारात नेऊन उभं केलं. "पप्पा, तिकीट नाहीये, पळा ना!" "पळून जायचं कुठं? गेट तर हितंच हाय." मधमाश्या आल्या, तरी त्यांनी बटण दाबलं नाही. तो कारखाना पुन्हा उघडला नाही. पप्पा अजूनही घरात ताटात जेवत नाहीत. आई सकाळी डबा भरून ठेवते आणि दुपारी ते तो उघडतात.