दिराच्या जाळ्यातले दोन शिंपले

वहिनींचा धंदा जाळी तुणण्याचा. तळ्याच्या धक्क्यामागे त्यांची एकच खोली. तिच्या भिंतींना बारा खुंट्या, आणि प्रत्येक खुंटीवर कुणाचं ना कुणाचं फाटकं जाळं लटकलेलं. नवरा गेल्यापासून चौदा वर्षं त्या इथेच बसून गाठी मारत होत्या. धाकटे दीर मासेमारी करायचे, त्यांची होडी समोरच बांधलेली असायची. दीर 'वहिनी' म्हणायचे म्हणून सगळा धक्काच तसं म्हणू लागला. सत्तरीचा नावाडीसुद्धा.

या वहिनींना भीती होती ती शिंपल्यांची. लोक हसायचे.

त्यांचं माहेर डोंगरापलीकडच्या मोठ्या तळ्यावर. तिथे कुठल्याशा परक्या पाण्यातून नखाएवढे, पट्ट्यापट्ट्यांचे शिंपले आले. आधी कुणी मनावर घेतलं नाही. पाच-सहा वर्षांत त्यांनी दगड झाकले, होड्यांचे तळ झाकले, पाणीपुरवठ्याचे पाइप आतून बुजवले. पाणी आरशासारखं नितळ झालं, कारण माशांच्या पिलांचं खाणंच त्यांनी गाळून फस्त केलं होतं. वहिनींच्या वडिलांनी एक दिवस होडी उलटी करून ठेवली, ती परत सुलटी झालीच नाही.

म्हणून तळ्याची तपासणी करणाऱ्या बाई धक्क्यावर येऊन म्हणाल्या, "आम्ही चौघंजण एवढ्या पाण्यावर नजर कशी ठेवणार? तुमचे डोळे हवेत," तेव्हा पहिला हात वहिनींचा वर गेला. दोरीला बांधलेली वीट धक्क्याजवळ पाण्यात सोडायची, दर दुसऱ्या रविवारी वर ओढून बोटांनी चाचपायची, फोटो बाईंना पाठवायचा. शिवाय दुसऱ्या तळ्यावर नेलेली होडी आणि जाळी गरम पाण्याने धुऊन, आठवडाभर वाळवूनच इथे उतरवायची, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

"काय वहिनी, सापडला का मोती?" मच्छीमार विचारायचे.

"सापडला तर तुम्हाला बरी सांगेन!"

एका मंगळवारी सकाळी जाऊबाई दिरांचं जाळं टाकून गेल्या. जाळं ओलं होतं. वहिनी कडेच्या दोरावरून बोट फिरवत होत्या आणि बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्यांनी खिडकीशी धरून पाहिलं. दोन शिंपले, बारीक तंतूंनी दोराला घट्ट चिकटलेले. नखाने उचकटायला गेल्या तर त्यांनी तोंड मिटून घेतलं. जिवंत होते.

वहिनींनी दोराचा तेवढा तुकडा कापला, शिंपल्यांसकट काचेच्या बाटलीत टाकला आणि धक्क्यावर गेल्या.

दीर होडीतच होते. "भावोजी, हे जाळं कुठे टाकलं होतंत?"

दिरांनी वहिनींच्या हातातली बाटली पाहिली आणि मान फिरवली. "परवा डोंगरापलीकडच्या तळ्यावर गेलो होतो. तिथे खोल पाण्यात अजून थोडंफार मिळतं, इथे मासळी कुठे लागतेय?"

"आणि होडी?"

"काल सकाळी उतरवली."

"धुतली?"

"पाणी मारलं वरवर. वहिनी, दोन शिंपल्यांनी काय आभाळ कोसळतंय? फेकून द्या चुलीत. तुम्ही बोललात तर धक्का बंद होईल, आणि सगळे माझ्या नावाने खडे फोडतील."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. नवऱ्याच्या आजारपणात याच दिरांनी रात्रीच्या रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. वहिनी खोलीत परतल्या, सुई हातात घेतली, आणि तीन वेळा चुकीची गाठ मारली. खिडकीतून होडी दिसत होती, पाण्यावर डुलत. तिच्या तळाला आणखी किती असतील? किती खाली गळून पडले असतील? एकेक मादी लाखांनी अंडी घालते, असं बाई म्हणाल्या होत्या. आपण गप्प बसलेला हा एकेक तास कुणाला भोवणार?

दुपारपर्यंत त्यांनी कळ काढली. मग पुन्हा धक्क्यावर गेल्या. "भावोजी, मी बाईंना फोन करतेय. तुमच्या पाठीमागे नको, म्हणून आधी सांगायला आले."

धक्क्यालगतच्या आपल्या घराच्या दारात उभ्या असलेल्या जाऊबाई बोलल्या, "परक्या बाईसाठी घरच्याला उघडं पाडताय, ताई." आणि आत निघून गेल्या.

वहिनींनी तिथेच उभं राहून फोन लावला.

संध्याकाळच्या आत होडी बाहेर काढली गेली. तळाला नऊ शिंपले निघाले. दुसऱ्या दिवशी तीस-पस्तीस माणसं कमरेइतक्या पाण्यात उतरली: मच्छीमार, मास्तर, पोस्टातले कारकून, बायका. धक्क्याचा दगड न् दगड हातांनी चाचपला. खोल पाण्यात बाईंचे पाणबुडे गेले. चार दिवसांत आणखी सात शिंपले सापडले, सगळे दिरांच्या होडी बांधायच्या खुंट्याच्या आसपास. सहा आठवडे एकही होडी सुटली नाही. दिरांना तोंडावर कुणी बोललं नाही, पण ते आले की गप्पा थांबायच्या. पाचव्या दिवशी ते स्वतःच पाण्यात उतरले आणि अंधार पडेपर्यंत वर आले नाहीत.

"वाचलो का?" वहिनींनी बाईंना विचारलं.

"दोन उन्हाळे जाऊ द्या. तोवर मी हो म्हणणार नाही."

पहिला उन्हाळा कोरा गेला. वहिनी मात्र दर दुसऱ्या रविवारी उजाडायच्या आतच धक्क्यावर असायच्या. जाऊबाई कामापुरतं बोलू लागल्या. जाळं आता वाळवूनच आणायच्या, आणि तसं न विचारता सांगायच्या.

दुसऱ्या उन्हाळ्यात, ऐन उकाड्यात, वहिनींनी वीट ओढली आणि खालच्या कडेला अंगठ्याला टणक काहीतरी लागलं. त्यांनी दोनदा फोटो काढला, दोन्ही वेळा हलला. दीर शेजारच्या होडीतून उडी मारून आले, त्यांच्या हातातून फोन घेतला, फोटो काढला, पाठवला. दोघंही पायरीवर बसले.

पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. "गोगलगाय आहे," बाई म्हणाल्या. "आपल्याच तळ्यातली. असू दे तिला."

दिरांनी वीट हळूच पाण्यात सोडली. वहिनी उठायला गेल्या. "बसा," दीर म्हणाले, "घाई नाही." आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला घराकडे गेले.